तारखांचं रजिस्टर

या संवादातले मामा आणि भाची मी जुळवलेले आहेत. मामा महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झालेले. भाची बालनाट्यं आणि अधूनमधून प्रायोगिक नाटकं करणारी एक छोटी संस्था चालवते, म्हणजे खरं तर संस्थाच तिला पळवते. त्यांचे युक्तिवाद मात्र मी रचलेले नाहीत. नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये, अर्थसंकल्पाच्या सभेनंतरच्या चहावर किंवा बागेच्या बंद फाटकाबाहेर ते कुणाच्याही कानावर पडले असतील. महापालिकेत आयुष्य काढलेला माणूस महापालिकेची बाजू घेईल आणि डास मारत प्रयोग करणारी निर्माती 'द्या एकदाचं खासगी कंपनीला' म्हणेल, अशी आपली समजूत असते. इथे नेमकं उलटं आहे.

मामा: नाट्यगृह चालवणं हे महापालिकेचं कर्तव्य आहे, असं तू म्हणालीस. कायद्यात तसं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चा. कलम ६३ मध्ये करायलाच हवीत अशी कामं: गटारं, रस्त्यावरचे दिवे, झाडलोट, दवाखाने, स्मशान. कलम ६६ मध्ये जमली तर करायची: नाट्यगृह त्यात येतं, ग्रंथालय येतं, पोहण्याचा तलाव येतो. पहिली बंधनकारक, दुसरी स्वेच्छेची. तिजोरीत खडखडाट झाला की कात्री कुठल्या कलमावर चालते, ते तूच सांग.

भाची: आणि घटनेचं काय? चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, अठरा विषयांची. बारावा विषय उद्यानं आणि क्रीडांगणांचा. तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा. मला तो क्रमांकासकट पाठ आहे, कारण अनुदानाच्या प्रत्येक अर्जात मी तो लिहिते.

मामा: अनुदान मिळतं का?

भाची: नाही. पण अर्ज वजनदार दिसतो.

मामा: ती दुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. पण त्या अनुसूचीतला विषय महापालिकेकडे द्यायचा की नाही, दिला तर किती पैशांसह, हे राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय. कलम २४३ डब्ल्यू. सक्ती कुठेच नाही. विषय आला, पैसे आले नाहीत.

भाची: मग १९६२ मध्ये पुणे महापालिकेला बालगंधर्व रंगमंदिर बांधायची कुणी सक्ती केली होती? तेव्हा तर ही अनुसूचीही नव्हती. बालगंधर्वांच्या हयातीत, त्यांच्याच हातून भूमिपूजन झालं. २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते उद्घाटन झालं. मधल्या काळात, १९६७ मध्ये बालगंधर्व गेले. रंगमंच कसा हवा यात पु. ल. देशपांडे लक्ष घालत होते. नाटकातल्या माणसाला विचारून नाट्यगृह बांधणारी महापालिका होती ती. कलम ६६ बघत बसली असती तर जंगली महाराज रस्त्यावर आज दुकानांची रांग असती.

मामा: मी बांधण्याबद्दल बोलतच नाहीये. बांधण्यात आपण पटाईत. बांधण्यात भूमिपूजन असतं, कोनशिला असते, त्यावर नावं असतात. दुरुस्तीला कोनशिला नसते. संडासातली फ्लशची टाकी बदलली म्हणून कुणाचं नाव संगमरवरात कोरलेलं पाहिलंस कधी?

भाची: टाकी बदललेलीच पाहिली नाही.

मामा: का बदलत नाहीत, ते सांगतो. नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणजे तुला वाटतो त्या वास्तूचा मालक. त्याच्या हातात काय असतं? किल्ल्या. दिवा गेला की विद्युत विभागाला पत्र. छत गळलं की भवनरचनेला पत्र. सफाईचा ठेका तिसऱ्या खात्याने दिलेला, सुरक्षारक्षकांचा चौथ्या. तो ठेकेदार व्यवस्थापकाला ओळखतही नाही, कारण त्याचं बिल व्यवस्थापक काढत नाही. शंभर खुर्च्यांची गादी फाटली, तर आधी पूर्वगणनपत्रक, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा, स्थायी समिती, कार्यादेश. तोवर मार्च उजाडतो आणि तरतूद लॅप्स होते. एप्रिलमध्ये पुन्हा पहिल्या पत्रापासून सुरुवात. आणि भाडं? तुम्ही जे भाडं भरता, ते महापालिकेच्या एकंदर तिजोरीत जातं. त्या वास्तूकडे त्यातला एक रुपया आपोआप परत येत नाही. हाऊसफुल्लचे बोर्ड महिनाभर लागले, तरी व्यवस्थापकाला एक बल्ब जास्त मिळणार नाही.

(इथे मामांचा आवाज चढतो. कागदावरचा हा प्रवास त्यांनी टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडूनही पाहिला आहे, आणि त्या काळात ते त्याला 'कार्यपद्धती' म्हणत.)

भाची: हे मी भोगलंय. एका शहरात मे महिन्यात प्रयोग होता, एसी बंद. आमच्या राक्षसाचा मेकअप पहिल्या अंकात हनुवटीपर्यंत उतरला. मुलं हसायला लागली, म्हणून आम्ही तो विनोदी राक्षस केला. व्यवस्थापक बिचारा स्वतःच्या खिशातून टेबलफॅन भाड्याने आणून विंगेत लावत होता. २०२३ मध्ये भरत जाधवांनी रत्नागिरीच्या प्रयोगात एसी नाही, साउंड नाही म्हणून प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली होती, ते आठवत असेल तुला. नटाने माफी मागायची! पण मामा, यातून तू काढतोस तो निष्कर्ष मला पटत नाही.

मामा: मी अजून काढलाच नाहीये. आधी कोल्हापूरचं बोलू. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ मध्ये ते सुरू झालं. शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. तालीम आणि नाटक एका कुंपणात, असं नियोजन आजच्या कुठल्या विकास आराखड्यात दाखव मला. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. केशवरावांचा जन्म ९ ऑगस्टचा. २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री ते नाट्यगृह जळालं. जयंतीच्या आदल्या रात्री. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडत होते.

भाची: मी त्या रंगमंचावर काम केलंय. तिथे मागच्या खुर्चीपर्यंत आवाज माइकशिवाय पोचायचा.

मामा: आग कशाने लागली, ते बाजूला ठेव. मी हिशेब तपासणारा माणूस, मला दुसराच प्रश्न पडतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक कायदा आहे, २००६ चा. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आपली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. कुणाला द्यायचं? अग्निशमन दलाला. महापालिकेच्या शहरात दल कुणाचं? महापालिकेचं. आणि नाट्यगृह? तेही महापालिकेचं. प्रमाणपत्र देणारी, घेणारी आणि न दिल्याबद्दल नोटीस काढणारी संस्था एकच. खासगी मॉलला नोटीस काढताना अधिकाऱ्याचा हात जितका सैल असतो, तितका तो स्वतःच्या आयुक्तांच्या इमारतीला नोटीस काढताना असेल का?

भाची: म्हणून खासगी करा?

मामा: म्हणून वेगळं करा. चालवणारा एक आणि तपासणारा दुसरा. नाट्यगृहाचं वेगळं खातं, वेगळं मंडळ. जमलेलं भाडं त्याच वास्तूत राहील, व्यवस्थापकाला ठरावीक रकमेपर्यंत स्वतःच्या सहीने खर्च करता येईल, आणि महापालिका वर्षाला ठरलेलं अनुदान देऊन हिशेब मागेल. मुंबईत अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल महापालिकेने प्रतिष्ठान काढून चालवायला दिलंच ना? आणि आपल्याकडे हे नवीन कुठे आहे? पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. पुण्याची नगरपालिका त्यानंतरची. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. वाचनाची सोय मराठी माणसाने आधी संस्था काढून केली. १९६७ चा ग्रंथालय कायदाही तोच धागा धरून आला: ग्रंथालय संस्थेने चालवायचं, सरकारने अ, ब, क, ड असा दर्जा बघून अनुदान द्यायचं. आजही पुण्यात भरत नाट्य मंदिर कुणाचं? संस्थेचं. टिळक स्मारक? ट्रस्टचं. सुदर्शन रंगमंच? संस्थेचं. तुझी प्रायोगिक नाटकं तू कुठे करतेस?

भाची: सुदर्शनला. ज्योत्स्ना भोळेला.

मामा: बघ!

भाची: कारण तिथे माझा प्रेक्षक मावतो. बालगंधर्वला ९८९ खुर्च्या आहेत. माझ्या प्रायोगिक नाटकाला शंभर माणसं आली, तर मी पेढे वाटते. ९८९ मध्ये शंभर माणसं बसवली की नट पहिल्या वाक्यातच खचतो. महापालिकेला सगळं मोठं बांधायची खोड आहे, हे मला मान्य. दीडशे माणसांची एक काळी खोली, वर लाइटसाठी पाइप, एवढंच हवंय. ते कुणालाच सुचत नाही, कारण दीडशे माणसांच्या खोलीचं उद्घाटन दिमाखदार होत नाही. पण तुझ्या त्या सुंदर ग्रंथालयांच्या यादीकडे परत ये. अनुदान वेळेवर येतं का? ग्रंथपालाला पगार किती मिळतो? वर्गणीदाराचं सरासरी वय किती? संस्था म्हणजे चालवणारी माणसं थकेपर्यंतच चालणारी गोष्ट.

मामा: हे खरं आहे.

भाची: आणि वेगळ्या मंडळाचं म्हणशील, तर गोव्याची कला अकादमी बघ. महापालिकेची नाही, स्वायत्त संस्था. चार्ल्स कोरिआंची वास्तू. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. काम कुणाकडे होतं? सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. स्वायत्त मंडळ असून दुरुस्तीचं पाकीट दुसऱ्याच्याच खिशात.

मामा: मग तू माझाच मुद्दा मांडतेस. पाकीट.

भाची: पाकिटाबद्दल मी तुझ्याच बाजूची आहे. भांडण पुढचंय. तुझं मंडळ आलं, त्याच्या हातात पाकीट आलं. पाकीट भरायला हवं, म्हणून ते भाडं वाढवेल. भाडं परवडणारे कोण? कंपन्यांचे वार्षिक समारंभ, कोचिंग क्लासचे सत्कार, साखळी पद्धतीने माल विकणाऱ्यांची 'मोटिव्हेशन' शिबिरं. नाटकाला ते परवडणार नाही. आमच्या तिकिटाला छत आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावर गेलं की अठरा टक्के. म्हणून निर्माते पाचशेच्या आत राहायला बघतात. बालनाट्याला तर आई-बाप दोन मुलं घेऊन येतात. चार तिकिटं झाली की ते कँटीनकडे बघत नाहीत. भाडं दुप्पट झालं तर मी तिकीट दुप्पट करू शकत नाही. मी नाटक बंद करते.

मामा: म्हणजे तुझ्या नाटकाचा तोटा पाणीपट्टी भरणाऱ्याने सोसायचा. जो माणूस आयुष्यात एकदाही नाटकाला गेला नाही, त्याने.

भाची: तो उड्डाणपुलावरूनही गेला नसेल.

मामा: उड्डाणपुलाच्या हिशेबाला मी वेगळे आक्षेप घेतले होते. विषय बदलू नकोस.

भाची: बरं. लावणीवर येते. बालगंधर्वला लावणीचे प्रयोग होतात, तुडुंब चालतात, बायकांसाठी खास प्रयोग असतो तेव्हा शिट्ट्या बायकाच मारतात. 'बालगंधर्वांच्या नावाच्या वास्तूत लावणी?' म्हणून नाकं मुरडणारे पुण्यात थोडे नाहीत. तरी तारीख मिळते. का मिळते? नियमात बसतं, भाडं भरलंय, महापालिकेला नाही म्हणायला कारण नाही. उद्या तुझ्या मंडळावर सात अभिरुचीसंपन्न विश्वस्त बसले की पहिला ठराव कुठला होईल, ते मी आत्ता लिहून देते. महापालिकेला अभिरुची नाही, हेच तिचं मोठेपण आहे. पठ्ठे बापूरावांच्या नावाने ती पुरस्कार देते, भीमसेन जोशींच्या नावानेही देते, आणि दोन्ही फायली एकाच कपाटात असतात.

मामा: अभिरुची नाही म्हणतेस, मग राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा? तिथेच, बालगंधर्वच्या शेजारी, संभाजी उद्यानात होता. जानेवारी २०१७ मध्ये मध्यरात्री उखडून मुठा नदीत टाकला. त्यानंतर तुझ्या तटस्थ महापालिकेने काय केलं?

भाची: चर्चा केली.

मामा: चर्चा केली. दबाव आला की तटस्थ माणूस बाजूला सरकतो. याला मी मोठेपण म्हणत नाही.

(हा मुद्दा दोघांनीही इथेच सोडला. मलाही तो इथेच सोडलेला बरा वाटतो. त्याला वेगळा लेख लागेल आणि वेगळं धैर्य.)

भाची: तुला एक गणित घालते. नाट्यगृहात दिवसाला तीन सत्रं: दुपारचं, संध्याकाळचं, रात्रीचं. वर्षाची झाली १,०९५. यातली नाटकवाल्याला खरी हवी असतात ती शनिवार-रविवारची. बावन्न आठवडे, दोन दिवस, तीन सत्रं: ३१२. त्यातून दुरुस्तीचे बंद दिवस काढ. डिसेंबर-जानेवारी शाळांच्या गॅदरिंगचे. गणपतीत शहरात प्रेक्षक नाही. परीक्षांच्या काळात बालनाट्याला कुणी येत नाही. माझ्यासारखीच्या वाट्याला उरतात दिवाळीची सुट्टी आणि मे. तेवढ्यासाठी मुंबईचे मोठे निर्माते, लावणीवाले, वाद्यवृंद, एकपात्रीवाले आणि आम्ही, सगळे एकाच टेबलापुढे उभे. महापालिका नाट्यगृह चालवते म्हणजे काय करते? तारखा वाटते. बाकी भिंती असतात. ज्याच्या हातात तारखांचं रजिस्टर, तो या शहरात काय बघायला मिळेल ते ठरवतो. आणि ते रजिस्टर कुणी बघितलंय?

मामा: मी बघितलंय. आमच्याकडचं.

भाची: काय होतं त्यात?

मामा: पेन्सिलीने लिहिलेली नावं.

भाची: पेन्सिलीने?

मामा: काही संस्था दर वेळी चांगल्या तारखा घ्यायच्या आणि त्या संस्थांचा प्रयोग कुणी पाहिलेला नसायचा. प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी पेन्सिल खोडून दुसरं नाव शाईने यायचं. मधल्या काळात काय झालं, हे कागदावर नव्हतं, म्हणून मला आक्षेप लिहिता आला नाही. 'नोंदी शाईने कराव्यात' एवढाच शेरा मी मारला. पुढच्या वर्षी नोंदी शाईने होत्या. आणि खोडायला व्हाइटनर.

भाची: आणि तारीख काढून घेणं? ते तर उघड चालतं. सभा आली, सरकारी कार्यक्रम आला, निवडणुकीचं प्रशिक्षण आलं की फोन येतो. नियमात तसा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवलाय. भाडं परत मिळतं. पण जाहिरात छापून झालेली असते, टेम्पो सांगितलेला असतो, नटाने त्या दिवसाचं मालिकेचं शूटिंग सोडलेलं असतं. ते कोण देणार?

मामा: ऑनलाइन केलं तर? सगळ्यांना एकाच वेळी खिडकी उघडेल. जो आधी येईल त्याला.

भाची: जो आधी येईल तो म्हणजे ज्याच्या ऑफिसात चार पोरं चार कॉम्प्युटरवर बसलीत तो. माझ्याकडे मी आहे आणि माझा फोन आहे. तत्काळ तिकिटाचं काय होतं ते माहितेय ना? यंत्राने रांग सरळ होईल, पण रांगेत कुणाला आधी उभं करायचं हे माणसांनी ठरवायलाच हवं. अमुक तारखा मराठी नाटकाला, अमुक बालनाट्याला, अमुक हौशी संस्थांना, उरलेल्या बाजारभावाने कुणालाही. आणि हे ठरवणं राजकारण आहे. म्हणून ते निवडून आलेल्या माणसाने सभागृहात करावं, विश्वस्तांनी बंद खोलीत नाही.

मामा: निवडून आलेला माणूस! पुणे, मुंबई, दोन्हीकडे मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं प्रशासक होता. निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये. त्या काळात तुझं राजकारण कुठे होतं? आणि नगरसेवक होते तेव्हा त्यांनी काय केलं? प्रत्येकाला आपल्या प्रभागात सांस्कृतिक भवन हवं होतं. पुण्यात डझनाच्या वर नाट्यगृहं झाली. एकट्या बालगंधर्वसाठी मारामारी आणि उपनगरातली बरीच सभागृहं आठवडाभर झाडू मारण्यापुरती उघडतात. विंगा अरुंद, सेटचा ट्रक मागच्या दाराला लागत नाही, लाइट लावायला बार नाही. लग्नाचा हॉल बांधता बांधता मध्येच कुणाला तरी नाटक आठवलं असावं.

भाची: पण मामा, त्या रिकाम्या सभागृहाच्या तळमजल्यावर अभ्यासिका असते. तिथे गेलायस कधी? रात्री अकराला? एमपीएससीची मुलं डबा खाऊन पुन्हा बसलेली असतात. परभणीची, बीडची, यवतमाळची. खोलीत दोन कॉट आणि चार मुलं, वाचायला जागा नाही. महापालिकेची ट्यूबलाइट आणि पंखा एवढाच त्यांचा आधार. तिला कुणी सांस्कृतिक सेवा म्हणत नाही, तिच्या उद्घाटनाला कुणी नट येत नाही. पण शहरातली सगळ्यात भरलेली जागा तीच. तुझं मंडळ तिचं भाडं किती ठेवेल?

मामा: (थोडं थांबून) अभ्यासिका मी मंडळाला देणार नाही.

भाची: का? तिथेही तोटाच आहे.

मामा: तिथे तारखा नाहीत. जो येतो तो बसतो. पेन्सिलीचा प्रश्न येत नाही.

भाची: आणि बाग? दुपारी बागेला कुलूप लागतं. सकाळी चालणाऱ्यांसाठी उघडी, संध्याकाळी मुलांसाठी उघडी. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता सावली कुणाला लागते? डिलिव्हरीच्या पोरांना, रिक्षावाल्यांना, घरकामाची दोन घरं संपवून तिसऱ्याची वाट बघणाऱ्या बाईला. झाडांखाली बाकं रिकामी आणि माणसं फाटकाबाहेर फुटपाथवर.

मामा: दुपारी उघडी ठेवली की जोडपी येतात अशी तक्रार येते, मग नगरसेवक फोन करतो, मग उद्यान अधीक्षक कुलूप लावतो. कुलपाला खर्च नाही. रखवालदाराची आणखी एक पाळी ठेवायची तर पुन्हा पूर्वगणनपत्रक.

भाची: पाहिलंस? शेवटी वेळच वाटतायत. पोहण्याच्या तलावावर बायकांची बॅच दुपारी ऑफिसच्या वेळेत असते, म्हणजे नोकरी करणारी बाई बाद. विरंगुळा केंद्र आजोबांच्या कॅरमचं, आज्यांना संध्याकाळी मोकळीक नसते. भिंती कुणाच्या हे तू विचारतोस; मी विचारते, सहा ते आठ कुणाचे?

मामा: ठीक आहे. पाकिटाचा मुद्दा तू मान्य केलास, रजिस्टरचा मी करतो. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. त्यात अर्ज करायच्या आधीचं एक कलम आहे, चौथं. सवलती कुणाला दिल्या, अनुदानाचे लाभार्थी कोण, हे कार्यालयाने न मागता जाहीर करायचं असतं. नाटकाला कमी दराने तारीख देणं म्हणजे सवलतच. तेव्हा कुणाला कुठली तारीख, कुठल्या दराने, प्रयोग झाला की परत केली, केली तर ती पुढे कुणाला गेली, हे सगळं नोटीस बोर्डावर आणि संकेतस्थळावर असायला हवं. नवा ठराव लागत नाही.

भाची: मग करूया. मी अर्ज लिहिते.

मामा: लिही. पण तुझ्या सवलतीच्या तारखाही त्यात येतील. मे महिन्यातली ती रविवारची तारीख तुला कशी मिळाली, तेही कुणी विचारेल.

भाची: मला रांगेत उभं राहून मिळाली.

मामा: रजिस्टरमध्ये रांग दिसत नाही.

भाची: दिसू दे माझं नाव. त्यापुढे मी किती भाडं भरलं आणि माझे किती पैसे वाचले, तेही छापा. लोकांना कळू दे, चार तिकिटांमागे महापालिकेने किती घातले.

मामा: ते छापायला खरा खर्च किती, हे आधी कुणाला तरी काढावं लागेल. एका सत्राचा. वीज, पाणी, पगार, सफाई, घसारा. मी नोकरीत असताना आमच्याकडच्या एकाही नाट्यगृहाचा असा हिशेब माझ्यापुढे आला नाही, आणि तो नसल्याचा आक्षेपही मी कधी घेतला नाही. कारण कुठल्या नमुन्यात तो मागायचा, हेच ठरलेलं नव्हतं.

भाची: मग तू काढ. रिकामाच तर आहेस.

मामा: वीजबिलं लागतील. मागच्या तीन वर्षांची, महिनावार. एसीच्या महिन्यांची वेगळी.

भाची: व्यवस्थापक देतील, मी मागते.

मामा: त्याआधी एक बघून ये. नाट्यगृहाला स्वतःचा मीटर आहे, की शेजारच्या क्षेत्रीय कार्यालयाचाच आहे.